दौलतरावांच्या ओट्यावरची टोपली

"रंगूबाईने दौलतरावांच्या दारात करणीचा उतारा ठेवला, प्रत्यक्ष पुरावा उपलब्ध आहे," असे आमच्या गावच्या समितीने चावडीवर जाहीर केले. मित्रांनो, तो प्रत्यक्ष पुरावा म्हणजे मी. मी वेताची एक साधी टोपली आहे. मला पुरावा ठरवण्यापूर्वी माझ्यात काय आहे, हे पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही.

एका कारागिराने ओल्या वेताला वळण देऊन मला विणले. पुण्याच्या दुकानदाराने माझ्यात चॉकलेटे, आंबटगोड गोळ्या, कागदी वटवाघळे आणि लुकलुकत्या डोळ्यांची प्लास्टिकची कवटी भरली. हॅलोविन नावाच्या परदेशी सणाला मुले भुतांची सोंगे घेऊन घरोघरी खाऊ मागतात. त्या सणात भूत खोटे असते, हे सर्वांना ठाऊक असते. आमच्या गावाने मला एवढीही सवलत दिली नाही.

दुकानात माझे फार कौतुक झाले. दौलतरावांचा मुलगा पवन पुण्यात नोकरी करतो. घरच्यांना गंमत म्हणून त्याने मला सोनेरी फीत बांधून, आपल्या नावाचा कागद लावून धाडले. रिसोडहून जीपवाल्या अल्ताफने मला आणले आणि दार बंद दिसल्यामुळे ओट्यावर ठेवले. ऊन चढल्यावर शेजारच्या रंगूबाईने मला सावलीत सरकवले. समितीपुढे आलेली 'ठेवताना पाहिले' ही साक्ष एवढ्याच दृश्याची.

आता उताऱ्याचे शास्त्र पाहू. उतारा तिवाट्यावर टाकतात, घरापासून दूर. त्याला कोणी उन्हापासून जपत नाही आणि सोनेरी फीतही बांधत नाही. माझी फीत तर कोणीतरी सोडून पुन्हा बांधली होती. पवनच्या नावाचा कागद नाहीसा झाला होता. करणीला भिणारा माणूस तिची गाठ सोडतो काय? रंगूबाईने आपल्या पेरलेल्या वावरातून दौलतरावांच्या ट्रॅक्टरला वाट नाकारली होती, हा योगायोगही समितीच्या विद्वत्तेला दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी मला काठीने ढकलत चावडीवर आणले. रंगूबाईने गाव सोडावे, असा निर्णय व्हायचा होता.

"पाहा, कवटी हाये इच्यात!" दौलतराव माझ्या वेताच्या फटीकडे बोट दाखवत ओरडले.

"पलास्टिकची हाये ते, भाऊ," रंगूबाई म्हणाली. "अन् करणी कराले मी काहून एवढं सजवीन? रुखवत मांडून राह्यली का मी?"

लोक हसले. समितीचे प्रमुख मोहनसिंग मात्र गंभीरच राहिले. "हसू नोका. बाई, तुले जा लागते."

तेवढ्यात दौलतरावांच्या मुलीचा, निकिताचा, फोन वाजला. तिने सवयीने आवाज मोठा केला.

"निकू, टोपली भेटली का?" पवन विचारत होता. "बाबाच्या हाती चाकलेट लागू देऊ नको बरं. शुगर हाये त्याहिले."

निकिताने माझी फीत सोडली, आत पाहिले आणि चॉकलेटांचे रिकामे कागद बाहेर काढले.

गावकऱ्यांनो, मला सावली देणाऱ्या हातांना तुम्ही गुन्हेगार म्हणालात. पुढच्या वेळी बोट दाखवण्यापूर्वी निदान टोपली उघडून पाहा.

"बाबा, हे कोनं खाल्लं?" निकिताने विचारले.

"मीच खाल्लं," दौलतराव म्हणाले. "पवनचं नाव पाह्यलं म्हनून खाल्लं. करणीचं असतं त मी हात तरी लावला असता काय?"