मला पिलांवर पालथी घालू नका

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. राई गावात कृष्णाबाईच्या अंगणात कोंबडीची पिलं झाकायची, हे माझं काम. आज मात्र माझा जीव थाऱ्यावर नाही. सकाळी तिनं नवी पिलं आणलीत, आणि ती माझ्याखालीच ठेवायचं तिच्या मनात आहे.

कृष्णाबाईचे मालक दगडूबाबा, त्यांनी मला विणलं. काय घट्ट वीण! घार झेपावायची, मांजर पंजे मारायचं, दोघंही हात हलवत परत जायची. शेजारणी म्हणायच्या, "टोपली असावी तर अशी." मीही जरा शेफारून गेले, खोटं कशाला बोलू? पुढे दगडूबाबा वारले, समोर टॉवर उभे राहिले, तरी कृष्णाबाईनं मला टाकलं नाही.

गेल्या महिन्यात मात्र घात झाला. एक पिल्लू पिसं फुलवून, मान टाकून बसलं. दाण्याला तोंड लावेना. त्याच्या विष्ठेत रक्त दिसलं. त्याला ऊब मिळावी म्हणून कृष्णाबाईनं त्याला बाकीच्यांसोबतच माझ्याखाली झाकलं. अरे देवा! सगळी तीच घाण तुडवत होती, त्यातलेच दाणे टिपत होती. मला ओरडताही येईना. एकेक करून सगळी गेली.

तिची सून स्वाती जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आली. मला जाळून टाका, असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून सासूसुनेची जुंपलीय.

"ह्यांच्या हातची हाय ती! जालायची न्हाय. धुवून उन्हात ठेवलीय ना मी?"

"आई, ही रक्ती हगवण आहे. विणीत घाण अडकलीय, ती नुसती धुवून नाय जात, डॉक्टर बोलले. ही पिलं पण मेली तर?"

कृष्णाबाई उठली. तिनं मला चुलीपाशी आणलं, काडेपेटी हातात घेतली, आणि माझ्या काठावरून हात फिरवत बसून राहिली. तिकडे खोक्यात पिलं चिवचिवतायत. तिचं मन फिरलं तर, या एकाच धास्तीनं मी अर्धी झालेय.

मित्रांनो, आम्हाला जपा, असं जुन्या वस्तू नेहमी सांगतात. मीही तेच सांगितलं असतं. पण आजारी पाखराला लगेच वेगळं ठेवा. त्याचं दाणापाणी वेगळं करा, जागा स्वच्छ करा. आणि ज्यात आजार दडून बसलाय, ती वस्तू कितीही लाडकी असली तरी तिचा मोह सोडा.

कृष्णाबाई, रडू नको गं. ओढ ती काडी.