पुढच्या गेटने न्या

सकाळी समोरच्या प्रेमाकाकूंनी दार वाजवलं तेव्हा एथेल ऑफिसला निघाली होती. "यांना जरा बघ ना. उठत नाहीत," काकू म्हणाल्या. कुंडलिककाका झोपेतच गेले होते.

एथेलने डॉक्टरांना बोलावलं, मालवणला काकांच्या पुतण्याला, नितेशला, फोन केला. तो म्हणाला, निघतोय, पण पोचायला संध्याकाळ होईल. मग तिने सोसायटीच्या ग्रुपवर कळवलं. धडाधड हात जोडलेल्या खुणा आल्या. माणूस मात्र एकही आला नाही. शेजारच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं आणि परत लागलं. बारा वाजले तरी काकू मयताजवळ एकट्या बसलेल्या, पोटात चहाचा घोट नाही.

एथेलच्या अंगाचा तिळपापड झाला. ती मरोळच्या गावठाणात वाढलेली. तिथे चर्चची घंटा वाजली की बायका चुलीवरचं उतरवून निघायच्या. गेलेल्याशी भांडण असलं तरी निघायच्या. कुणी चहा ठेवायची, कुणी रडणारीला धरून बसायची. बोलावणं लागायचं नाही.

ते चर्च तिने नऊ वर्षांपूर्वी सोडलं होतं. नवऱ्याने, झेवियरने, तिचा हात मोडला, तेव्हा ती प्लास्टर घेऊनच फादरकडे गेली होती. फादर म्हणाले, "संसार हा क्रूस असतो, वाहायचा." पुढच्या रविवारी प्रवचनात घरं मोडणाऱ्या बायकांवर बोलले. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती चालू प्रार्थनेतून, भर मिस्सातून उठली ती कायमची.

आज तिने फोन लावला तो मात्र तिथल्याच चुलतबहिणीला.

"फ्लेविया, माझ्या समोरचे काका गेलेत. हिंदू आहेत. काकू एकट्या आहेत."

"कितवा मजला?" फ्लेवियाने विचारलं.

थोड्याच वेळात फ्लेवियासकट गावठाणातल्या चौघी आल्या, पेजेचा डबा आणि थर्मास घेऊन.

"मोठ्याने प्रार्थना नको हं," एथेल म्हणाली. "त्यांचं घर आहे."

"आम्हाला काय अक्कल नाय?" फ्लेविया म्हणाली आणि काकूंना कुशीत घेऊन बसली. तेव्हा कुठे काकूंना रडू फुटलं.

संध्याकाळी नितेश पोचला. तिरडी बांधून झाली, तोच सेक्रेटरी मुकुल वर आला.

"मॅडम, एक रिक्वेस्ट. खाली लॉबीत सोसायटीची पूजा आहे, गेस्ट येतायत. बॉडी मागच्या गेटने न्याल ना?"

मागच्या गेटला कचऱ्याची शेड होती.

"बॉडी?" एथेलचा आवाज जिन्यात घुमला. "त्यांना नाव आहे, कुंडलिक परब. वर्गणी मागायला येत होतास तेव्हा माहीत होतं ना? सकाळपासून या बाईला घोटभर पाणी विचारायला एक जण आला नाही. आणि आता देवाला त्रास होईल म्हणून माणूस कचऱ्यातून न्यायचा? कसली रे तुमची पूजा?"

"मॅडम, तुम्ही उगाच धर्मावर..."

"धर्मावर नाही, तुझ्यावर बोलतेय! माझा धर्म मी सोडला, कारण त्याने मला वाऱ्यावर सोडलं. पण मेलेल्याच्या घरी जाऊन बसायचं, हे मला तिथल्याच बायकांनी शिकवलं. तुम्हाला कुणीच शिकवलं नाही का?"

मुकुल वाट सोडून बाजूला झाला. पाहुणे ताटकळले, भटजी थांबले, पण काका पुढच्या गेटने गेले. मागे चालणाऱ्यांत सोसायटीचे दोघेच होते.

रिक्षाची वाट बघताना फ्लेविया हळूच म्हणाली, "रविवारी ये ना गं. सगळ्या विचारतात."

"फादरने माफी मागितली?"

"त्यांची बदली झाली. आता ॲश्टन फादर आहेत, चांगले आहेत."

"आणि तेव्हा माना वळवून बघत होत्या त्या? त्यांचीपण बदली झाली?" एथेलचे डोळे भरले, पण आवाज कडकच राहिला. "तूपण बघत होतीस, फ्लेविया."

फ्लेवियाने मान खाली घातली. "होय. बघत होते."

रिक्षा आली. बायका दाटीवाटीने बसल्या. एथेलने थर्मास आत दिला.

"मी चर्चला येणार नाही," ती म्हणाली. "पण गावात कुणी गेलं तर मला फोन कर. न सांगता राहिलीस तर बघ."

"करते," फ्लेविया म्हणाली.

एथेल वर गेली. काकूंच्या घरात दिवा लावायचा होता.