सतरा नंबरचा माठ

हॉलमध्ये सव्वीस टेबलं होती. नऊ टेबलांवर हात पुढे केला की झाकण उघडणारे कचऱ्याचे डबे होते, आणि त्यांतले सहा चालत होते. पाच टेबलांवर गॅस गळला की ओरडणाऱ्या घंट्या होत्या. त्यांतली एक सकाळपासून विनाकारण ओरडत होती, म्हणून शेवटी कुणीतरी तिच्या तोंडात रुमाल कोंबला होता. अंधांसाठी चार काठ्या, रस्त्यावरच्या खड्ड्यांवर तीन उपाय, पळस्पे फाट्यावरची कोंडी सोडवणारे थर्माकोलचे दोन पूल, पुरात तरंगणारं एक घर, आणि वाळत घातलेल्या मासळीवरून कावळे हाकलणारा एक पंखा. राहिलं सतरा नंबरचं टेबल. त्यावर एक माठ होता.

माठाला खाली पितळी तोटी होती. आत तळाशी खडी, तिच्यावर वाळू, वाळूवर कोळसा आणि पुन्हा वाळू असे थर अगदी गळ्यापर्यंत भरलेले होते. शेजारी झाकणाची बादली, दोन बीकर आणि पेनाएवढं मीटर. मागच्या चार्टवर जाड अक्षरांत लिहिलं होतं : विहिरीचं पाणी ८७०, माठातून आलेलं पाणी ९२.

"टीचर, तुम्हीच मोजा," निशा घरत म्हणाली.

फरहाने मोजलं. फरहा त्या शाळेत तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवायची. रसायनशास्त्रातली एम.एस्सी. होऊन तिला वर्षही झालं नव्हतं. 'गावाचा प्रश्न, विज्ञानाचं उत्तर' या स्पर्धेची प्राथमिक तपासणी मुख्याध्यापक गायकर सरांनी तिच्यावर सोपवली होती. बादलीत आगरवाडीच्या विहिरीचं पाणी होतं. निशाचं गाव खाडीकाठचं, आणि तिथल्या विहिरीचं पाणी इतकं खारट की चहा फाटायचा. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारं मीटर बादलीत ८७० दाखवत होतं. निशाने अर्ध्या लिटरचा बीकर भरून माठात ओतला, तोटी सोडली, आणि तेवढंच पाणी दुसऱ्या बीकरमध्ये धरलं. ९२.

फरहाने मीटर पुसून पुन्हा बुडवलं. ९२.

"पुन्हा ओत."

निशाने ओतलं. ९२.

"आमच्या विहिरीला स्वतःला दाखवलं तरी तिला खरं वाटणार नाही, टीचर," निशाचा जोडीदार हृतिक म्हणाला.

फरहाला हसू आलं नाही. गाळलं की गाळ निघतो, रंग निघतो, वासही निघतो. विरघळलेलं मीठ निघत नाही. हे तिनेच नववी ब ला शिकवलं होतं, आणि पहिल्या बाकावर निशाच बसली होती.

"मी वर्गात काय सांगितलं होतं?"

"विरघळलेलं मीठ गाळून निघत नाही."

"मग हे काय आहे?"

"म्हणून आम्हालापण आधी पटलं नाही, टीचर. मग घरी रोज मोजलं."

रोजचे आकडे चार्टवर होते. ९१, ९३, ९२, ९०, ९२. फरहा ते पाहत राहिली. खरी मोजमापं थोडी इकडेतिकडे हलतात. ही सगळी प्रार्थनेच्या रांगेत उभी राहिल्यासारखी होती.

तिने मोबाईलचा टॉर्च लावून माठात पाहिलं. वरची वाळू ओली होती. ओली असणारच, आत्ताच पाणी ओतलं होतं. तिने पट्टी खुपसली, तोटीच्या आत काडी फिरवली, माठ उचलून बूड पाहिलं. नळी नाही, पिशवी नाही, दुसरा तळ नाही. प्रयोगशाळेतलं मीटर आणून दोन्ही पाणी मोजलं. तेच आकडे आले.

म्हणजे मीटर खरं होतं, आणि तरीही कुणीतरी खोटं बोलत होतं.

दहावीच्या मुलांना बाजूला ठेवून निशाचं नाव फरहानेच पुढे केलं होतं. उद्या जिल्ह्याचे परीक्षक येणार होते. निकालाखाली तिने सही केली की माठ त्यांच्यासमोर जाणार. फसवणुकीचा शेरा मारला की टेबल उठणार आणि त्या दोघांना पुढची दोन वर्षं कुठल्याच स्पर्धेत भाग घेता येणार नाही. शेरा लिहायला एक ओळ पुरली असती. पण ज्या मुलीच्या वहीतले प्रश्न ती घरी नेऊन वाचत असे, ती मुलगी डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलू शकते, ही गोष्ट त्या ओळीत मावणारी नव्हती.

दुपारी निशाचा काका कुंदन आला. शाळेच्या फाटकाशी त्याची पांढरी गाडी, मनगटात जाड कडं, हातात पेढ्यांचा पुडा. वडिलोपार्जित मिठागराची जमीन गेल्यानंतर तो इमारती बांधू लागला होता, आणि आगरवाडीच्या कडेला त्याचं नवं काम चालू होतं.

"मीटर मीच दिलंय पोरांना," तो म्हणाला. "आमच्याकडं लोकं फ्लॅट बघायला येतात, नळाचं पानी तोंडात घेतात नि थुंकून परत जातात. आता घराघरात एकेक माठ देतो. चाळीस सांगितलेत कुंभाराला. काय गायकर सर?"

"मुलांनी शाळेचं नाव काढलं," गायकर सर म्हणाले. "फरहा मॅडम, सही झाली का?"

"उद्या सकाळी करते सर. अजून एकदा बघायचंय."

"किती बघणार? माठ आहे, रॉकेट नाही."

कुंदनने पेढा पुढे केला. फरहाने तो घेतला आणि कागदात गुंडाळून ठेवला. गाडी वळताना तिला मागच्या सीटवर वीस लिटरचा पाण्याचा जार दिसला, बाजारात मिळतो तसा निळा. तिने निशाला विचारलं.

"काका रोज आणतात. आम्ही प्यायला तेच वापरतो."

निशाने ते इतकं सहज सांगितलं की फरहाचा संशय तिथल्या तिथे दुप्पट झाला. जारच्या पाण्याचा आकडा नव्वदच्या आसपास असतो, हे तिला मीटर न बुडवता माहीत होतं. पण जारमधलं पाणी विहिरीच्या पाण्याच्या जागी येणार कसं? खारं पाणी माठात ओतताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने शिपाई काळूरामला सांगून माठ प्रयोगशाळेत ठेवून घेतला आणि कुलूप लावलं.

घरी जेवताना तिने हे अब्बांना सांगितलं. दाऊदभाईंचं बाजारात किराणा दुकान होतं आणि त्याआधी चौदा वर्षं कुवेत.

"मुलीवर शक आहे तुझा?"

"मुलीवर, काकावर, गायकर सरांवर. सगळ्यांवर."

"बेटा, एवढ्या लोकांवर शक घेतला तर झोप कुणाच्या भरवशावर घेणार?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "पोरीलाच विचार ना सरळ."

"विचारलं तर खरं बोलणारी आणि खोटं बोलणारी, दोघी एकच उत्तर देतात अब्बा."

दुसऱ्या दिवशी ती शाळा भरण्याच्या तासभर आधी पोचली. प्रयोगशाळेचं कुलूप उघडं होतं. आत एक बाई माठापाशी वाकून उभी होती. पायाशी निळा जार, हातात तांब्या. तांब्यातलं पाणी ती सावकाश, कडेकडेने, माठात सोडत होती. तोटीखालची बादली जवळजवळ भरली होती.

फरहा दारातच थांबली. तिला वाईट वाटायला हवं होतं. आधी वाटलं ते समाधान, आणि त्याचीच तिला लाज वाटली.

"कोण तुम्ही?"

बाई दचकली नाही. "निशाची आई. शांती. काळूराम आमच्याच गावचा, त्यानं उघडून दिलं." तिने पदराने तांब्याचं बूड पुसलं. "भावजीनी सोडलं गाडीनं. माठ कालपासून तसाच असंल, म्हटलं भरून जावं."

"कुणी सांगितलं भरायला?"

"कोन सांगनार? माठात पानी घालायला सांगावं लागतं काय?"

"कुंदननी सांगितलं? की निशानी?"

आता शांतीच्या लक्षात आलं की हा प्रश्न पाण्याबद्दलचा नाही. तिने तांब्या खाली ठेवला.

"टीचर, आमच्यात माठ रिकामा ठेवत नाय. आनि खारं तर त्यात ठेवायचंच नाय. खार धरतो तो. आठ दिसांत पांढरा होतो, मंग पापुद्रे सुटतात. मिठागरावर सासऱ्यांचे किती माठ असेच गेले. पोरांनी एवढ्या हौसेनं केलाय. त्यांचं मोजून झालं का मी तोटी सोडते, आतलं खारं घालवते, नि जारचं गोडं पानी वरपरेंत भरून ठेवते."

"रोज?"

"रोज. सकाळी पोरं परत मोजतात."

"निशाला माहीत आहे हे?"

"माठ धुतला, भांडी घासली, हे काय तिला सांगत बसू?"

फरहाने जारमध्ये मीटर बुडवलं. ९०.

ती स्टुलावर बसली. तिच्या डोळ्यांसमोर माठ आतून दिसू लागला. वाळूच्या कणाकणांमध्ये, कोळशाच्या फटींत, खडीच्या पोकळ्यांत भरून राहिलेलं जारचं पाणी. वरून बीकरभर खारं ओतलं की ते खालचं बीकरभर गोडं पुढे ढकलतं, आणि तोटीतून तेच बाहेर येतं. खारं आतच, वरच्या थरात बसून राहतं. मुलं एक बीकर मोजतात, आनंदाने आकडा लिहितात आणि क्लासला जातात. मग आई येते आणि माठ धुते.

सगळं जुळत होतं. फार छान जुळत होतं, आणि म्हणूनच फरहाला ते लगेच मानायचं नव्हतं. कुंदनची गाडी अजून फाटकाशीच होती. आईने ही गोष्ट गाडीत पाठ केलेली असू शकत होती. आणि आई खरं बोलत असली, तरी निशाला ठाऊक नव्हतं हे कशावरून?

"तुम्ही इथे बसा," ती शांतीला म्हणाली. "निशा आली की काही बोलू नका."

"माझ्याकडनं काय चुकलं काय, टीचर?"

"तेच बघायचंय."

निशा आणि हृतिक आले ते इस्त्रीच्या गणवेशात, केसांना तेल लावून. आईला पाहून निशा नुसती हसली. फरहाने आगरवाडीच्या पाण्याची भरलेली बादली तिच्यासमोर सरकवली.

"ही सगळी ओत. एकेक बीकर, आणि प्रत्येक बीकर मोज."

"सगळी?" हृतिक म्हणाला. "मग परीक्षकांना काय दाखवायचं?"

फरहाने त्याच्याकडे मान वळवली. त्याने लगेच नजर खाली घातली.

"बादली परत भरता येते, येड्या," निशा म्हणाली. "ड्रम आणलाय ना आपण." आणि तिने पहिला बीकर बुडवला.

फरहा मीटरकडे पाहत नव्हती, निशाच्या चेहऱ्याकडे पाहत होती. ज्याला माहीत आहे त्याचा हात कुठेतरी अडखळेल. ९२. ९२. ९३. हात अडखळला नाही.

चौथा बीकर ११८.

निशाने बीकर विसळला. आपलंच काही चुकलं असणार अशा घाईने तिने मीटर पुसलं. ११८. पाचवा ओतला. २८७.

हृतिकने आकडा लिहिला आणि पेन हवेतच धरून ठेवलं. निशाने माठाकडे पाहिलं, मग जारकडे, मग भिंतीशी बसलेल्या आईकडे.

"आई, तू माठ कशानं धुतेस?"

शांतीने फरहाकडे पाहिलं. फरहाने मान डोलावली.

"जारच्या पान्यानं. मंग काय, खाऱ्यानं धुवू?"

निशाने सहावा बीकर बुडवला. ५४०.

गायकर सर आणि कुंदन एकदमच आत आले. परीक्षकांची गाडी फाटकात शिरली होती. सरांनी चार्टकडे पाहिलं, हृतिकच्या हातातल्या आकड्यांकडे पाहिलं, आणि फरहाकडे पाहून नुसत्याच भुवया उंचावल्या. कुंदनला समजायला थोडा वेळ लागला, पण समजलं.

"एवढंच ना," तो हळू आवाजात म्हणाला. "पहिले दोन ग्लास दाखवायचे नि मोकळं व्हायचं. परीक्षक काय बादली ओतत बसतात?"

हृतिकने निशाकडे पाहिलं. त्या नजरेत थोडी आशा होती.

"तू लिही," निशा म्हणाली.

"निशा, चाळीस माठ सांगितलेत मी."

"काका, जरा बाजूला व्हा. तोटी दिसत नाही."

कुंदन बाजूला झाला. शांती उठून निशाजवळ येऊन उभी राहिली. तिने पदराचा शेवट तोंडाशी धरला होता. फरहाने सहीसाठी उघडलेलं पेन बंद करून टेबलावर ठेवलं आणि तोटीखालची भरलेली बादली काढून रिकामी सरकवली. दहावा बीकर ८४१. चौदावा ८६२. बाहेर जिन्यावर बुटांचे आवाज येऊ लागले तेव्हा बादलीच्या तळाशी शेवटचा बीकर उरला होता. निशाने तो तिरका करून भरला, ओतला, तोटी सोडली, मीटर बुडवलं, आकडा थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मोठ्याने वाचला.

मग तिने मार्कर घेतला, चार्टवरचा ९२ एका रेघेने खोडला, आणि शेजारी लिहिलं.

विहिरीचं पाणी ८७०. माठातून आलेलं पाणी ८६८.