डोमानं कापलेला वायसर

मी एक जुनी टाकी आहे. पाण्याची नव्हे, मोटारसायकलच्या पेट्रोलची. अहेरीच्या रस्त्याला, नाल्याच्या अलीकडे, एका मोहाच्या बुंध्याशी पडले आहे. अंगात आता नुसता गंज. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. ज्याच्यामुळं मी इथं पडले त्याचा मी सूड घेतला आहे, आणि तो मला अजून गोड लागतो.

कारखान्यात पत्रा वाकवून, सांधे जोडून मला घडवलं, लाल रंग दिला. माझे पहिले धनी कुरखेड्याचे वामनराव मास्तर. ते रोज माझं अंग मऊ फडक्यानं पुसत. झाकणाखालचा वायसर, म्हणजे रबराचं ते गोल कडं, जरा सैल झालं की नवं आणत. शाळेतली पोरं मला हात लावायला भांडत. त्या वर्षांत माझ्यातून थेंबभर पेट्रोल कधी वाया गेलं नाही.

मग मास्तरांची बदली झाली आणि मी गुणवंतरावाच्या हाती पडले. हा तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराचा मुनशी. जंगलातल्या गावात त्याचाच हुकूम चाले. माझं झाकण अडलं की हा दगड घाली. वायसर फाटला तेव्हा यानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून कोंबला. ते रबर पेट्रोल पिऊन फुगलं आणि झाकण तिरपं बसू लागलं. मी गळू लागले. पेट्रोल त्याच्या मांडीवर झिरपे, कातडी भाजे. मग हा मलाच लाथ घाली. रंग उडाला, गंज चढला. चूक कोणाची आणि लाथ कोणाला! ती प्रत्येक लाथ मी लक्षात ठेवली.

लाथा खाणारी मी एकटी नव्हते. त्या गावात डोमा आणि त्याची बायको सोमारी राहत. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात पत्त्याची पोती फुकट वाहायला डोमानं एकदा नकार दिला. त्यानंतर त्याचे चरायला गेलेले दोन्ही बैल घरी आले नाहीत. गुणवंतराव तोंड पाडून म्हणाला, वाघानं नेले असतील. डोमा हाडं शोधत रान तुडवत राहिला. सोमारीनं चूल पेटवली नाही. पेरणी तोंडावर, आणि बैलांशिवाय त्यांच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, नांगर लागणार नव्हता.

खरं काय ते मला ठाऊक होतं. या मुनशानंच माणसं लावून बैल अहेरीला हाकलले होते आणि बेवारस म्हणून कोंडवाड्यात घातले होते. लिलावात आपणच घ्यायचे, असा बेत. मी ऐकत होते. मला तोंड होतं, वाचा नव्हती.

लिलावाच्या सकाळी सुकी मासळी विकणारी ठमाबाई अहेरीहून आली. तिनं डोमाला अंगणातच गाठलं.

"डोमाभाऊ, हाडं काऊन शोधून राहिला? तुहे बैल कोंडवाड्यात उभे हायेत. आज दुपारी हर्रास हाय त्यायचा."

डोमा काही बोलायच्या आत गुणवंतरावाची हाक आली. पांढरंशुभ्र धोतर नेसून तो माझ्याजवळ उभा होता.

"डोमा, मले अहेरीले जायचं हाय. या टाकीचं गळणं बंद कर. एक थेंब बाहेर आला नाई पाहिजे."

डोमानं त्याच्याकडे पाहिलं, धोतराकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, "थेंब त सोडा मुनशीजी, हवा बी जाणार नाई."

तो घरी गेला. बैलांच्या घंटांचे पट्टे त्यानं ट्रकच्या जाड ट्यूबमधून कापले होते. त्याच ट्यूबचा उरलेला तुकडा घेऊन आला. वायसरला मध्ये भोक असतं. डोमानं ते ठेवलंच नाही, अख्खी चकती कापून झाकणात ठोकून बसवली. मित्रांनो, माझ्या झाकणाला श्वासाचं बारीक छिद्र असतं. पेट्रोल खाली उतरतं तसतशी तिथून हवा आत येते. हवा नाही तर पेट्रोल नाही. तोंडाला लावलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात हवा शिरली नाही तर आंबील उतरत नाही, हे इकडची लेकरंही जाणतात. डोमानं माझा श्वासच बंद केला, आणि मी मनातल्या मनात त्याला हात जोडले.

डोमा रानवाटेनं निघाला, मुनशी सडकेनं. गाडी थोडी पळाली, आचके देऊन थांबली. त्यानं झाकण उघडून पाहिलं. पेट्रोल होतं! तेवढ्यात मी पोटभर हवा ओढली. धोतर जपायला त्यानं झाकण पुन्हा आवळलं, किक मारली. गाडी थोडी चालली, पुन्हा बंद. उघडायचा, पाहायचा, आवळायचा. दर खेपेला स्वतःच माझा गळा दाबायचा आणि मलाच शिव्या द्यायचा. ऊन चढलं, धोतर घामानं आणि धुळीनं मळलं, आणि तो याच मोहाखाली बसला.

दुपार कलली तेव्हा अहेरीकडून डोमा येताना दिसला. पुढं त्याचे दोन्ही बैल. कोंडवाड्याच्या दारात त्यानं नुसती हाक दिली, तर बैल बाकीची जनावरं ढकलून दाराशी आले. मालक कोण हे मग कोणी विचारलं नाही, असं ठमाबाई पुढं कित्येकदा सांगायची.

गुणवंतराव उठला. आवाज एकदम मऊ.

"डोमाभाऊ, दोर लाव ना गा. बैलायनं गाडी गावापावत ओढून दे."

डोमा थांबला.

"कोणते बैल, मुनशीजी? माहे बैल त वाघानं नेले. तुमीच सांगतलं होतं."

आणि तो बैल हाकत निघून गेला.

मुनशानं दगड उचलून मला ठेचलं. फुटले मी. पुढं गाडी दुरुस्तीला आलेल्या मिस्त्रीनं मला काढून इथंच फेकलं. फेकू दे. त्या साली डोमाची बांधी नांगरली गेली. बाजाराच्या दिवशी ते बैल माझ्यासमोरून जात, आणि त्यांच्या गळ्यात माझ्या वायसरच्याच ट्यूबचे पट्टे असत.

तेव्हा मित्रांनो, आम्हा वस्तूंना सांभाळा. वायसर सैल झाला तर मापाचा आणा, श्वासाचं भोक मोकळं ठेवा. आणि एवढं जमत नसेल, तर निदान ज्याचे बैल चोरलेत त्याच्याच हातून तो बसवून घेऊ नका.