एक बत्तीसला बंद

एंटर दाबल्यावर त्याला दिसलं की खिडकी चुकली.

पडद्यावर दोन काळ्या खिडक्या शेजारीशेजारी उघड्या होत्या. डावीकडची ऑफिसातल्या चाचणीच्या संगणकाची, उजवीकडची घरच्या संगणकाची. बंद होण्याची आज्ञा द्यायची होती ती डावीकडच्याला. उजवीकडच्यानं ती निमूटपणे पाळली, संपर्क तुटल्याची एक ओळ टाकली आणि मग त्या खिडकीत काहीच हललं नाही. घड्याळात एक बत्तीस झाले होते.

लिनक्स या संगणक-प्रणालीचा एक गुण तो चारचौघांत नेहमी सांगे : हे सांगितलेलं ऐकतं, 'नक्की ना?' असं विचारून डोकं खात नाही. तो गुण आज त्याला फार जवळून पाहायला मिळाला.

पाणीपुरवठ्याची कामं घेणाऱ्या एका कचेरीत तो ड्राफ्ट्समन होता. पंपघराच्या नकाशावरच्या दुरुस्त्या त्यानं रविवारी घरी बसून केल्या होत्या, आणि तो नकाशा घरच्या संगणकावरच होता. तीन वाजता साहेब तो घेऊन समितीपुढे जाणार होते. गेल्या वेळी जुनाच नकाशा गेला होता आणि नळ जिन्यातून गेलेला समितीनं पाहिला होता. तेव्हा साहेब काही बोलले नव्हते. फक्त त्याच्याकडे बघून "पुढच्या वेळी" एवढंच म्हणाले होते. आज ती पुढची वेळ होती.

ऑफिसात त्याला रिमोटराव म्हणत, आणि ते नाव त्यानं कमावलेलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तो इथून घरचा प्रिंटर चालवी, म्हणजे बायको घरी पोचेपर्यंत तिचे कागद तयार. गच्चीवरच्या कॅमेऱ्यातून वाळत घातलेले कपडे बघे. फोनमधले फोटो घरी पाठवून फोन रिकामा करी. एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आ वासून पडल्यापडल्या त्यानं घरच्या डिस्कवरची जागा साफ केली होती. स्वतःच्याच घरात शिरायचे त्यानं इतके मार्ग करून ठेवले होते, की दाराची किल्ली ही त्यातली सर्वांत मागासलेली पद्धत ठरली होती.

"आणि वीज गेली तर?" समोरच्या टेबलावरच्या बाईंनी एकदा विचारलं होतं.

"आली की आपोआप उठतं. तशी सेटिंग केलीय," तो म्हणाला होता. "पाच मिनिटं, फार तर सहा. घरात कुणाला पत्ताही लागत नाही."

पण ती झाली वीज गेल्याची गोष्ट. माणसानं स्वतः आज्ञा देऊन बंद केलेलं यंत्र तो माणूस येईपर्यंत बंदच राहतं. दुरून उठवायचीही एक युक्ती असते. ती तो पुढच्या रविवारी बसवणार होता, गेली तीन वर्षं.

घर सव्वा तासावर होतं. जाऊन येणं शक्य नव्हतं. बायको परीक्षेच्या वर्गावर पर्यवेक्षक होती आणि तिचा फोन चार वाजेपर्यंत शाळेच्या कपाटात कुलपात होता. घरात या घडीला दहा बोटं होती. दहाही वडिलांची.

वडिलांशी तो पाच महिने बोललेला नव्हता.

वडील चौतीस वर्षं वीज उपकेंद्रात ऑपरेटर होते. ज्या वस्तूचा उपयोग चाललेला दिसत नाही तिचं बटण बंद करायचं, ही त्यांची सवय निवृत्त झाली नव्हती. पाच महिन्यांपूर्वी त्यांनी त्याच्या खोलीतला केर काढला आणि बाहेर पडताना भिंतीवरचं बटण बंद केलं. तो तेव्हा ऑफिसातून त्याच संगणकावर काम करत होता. संध्याकाळी घरी आल्यावर, साडू आणि मेहुणी बसलेली असताना, तो वडिलांना म्हणाला, "ज्यातलं कळत नाही त्याला हात लावू नये."

"बरं," वडील म्हणाले होते.

त्यानंतर तेच वाक्य मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून त्यानं संगणकाच्या डब्यावर चिकटवलं. 'हात लावू नये.' पहिला भाग जागेअभावी गाळला. तेव्हापासून घरात बोलणं बायकोमार्फत चाले. "बाबांना सांग, टाकी भरलीय." "त्याला सांग, दिसतंय." दोघंही एकाच टेबलाशी बसलेले असत आणि ती मध्ये.

एक चाळीसला त्यानं घरचा नंबर फिरवला. दुसरी घंटा पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला.

"हॅलो. कोण बोलतंय?"

"मी."

"मी कोण?"

त्यानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "तुमचा मुलगा."

"कुठून बोलतोस?"

"ऑफिसातून. बाबा, ते माझ्या खोलीतलं—"

"एक बत्तीसला बंद झालं," वडील म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्याच्यातल्या पंख्याचा आवाज थांबला."

"मग... चालू कराल का जरा? पुढच्या बाजूला एक गोल बटण—"

"बटण माहीत आहे. बंद कुणी केलं?"

समोरच्या बाई मान खाली घालून लिहीत होत्या, म्हणजे ऐकत होत्या. "ते महत्त्वाचं नाहीये, बाबा. मला इथं घाई—"

"घरातले दिवे चालू आहेत. फ्रिज चालू आहे. म्हणजे लाईन गेली नव्हती. म्हणजे कुणीतरी मुद्दाम बंद केलं." वडिलांचा आवाज सपाट होता, बातम्या वाचल्यासारखा. "मुद्दाम बंद केलेलं, ज्यानं बंद केलं त्यानं स्वतः सांगितल्याशिवाय चालू करायचं नसतं. माणूस तारेवर असू शकतो."

"कुणी तारेवर नाहीये."

"तसं तू सांगायचं. मी धरून चालायचं नसतं. धरून चालल्यामुळे आमचा एक वायरमन गेला. बंद कुणी केलं?"

"मी."

"कारण?"

साहेबांच्या खोलीचं दार उघडून पुन्हा बंद झालं.

"कारणाशिवाय नोंद होत नाही," वडील म्हणाले.

"चुकून."

"मोठ्यानं बोल. लाईनला खरखर आहे."

"चुकून!" तो म्हणाला. तीन टेबलांवरची डोकी वर झाली. "माझ्या चुकीनं बंद झालं, बाबा. कुणी तारेवर नाही. चालू करा."

"चुकून," वडिलांनी सावकाश म्हटलं. लिहिताना माणूस म्हणतो तसं. "तारेवर कुणी नाही. चालू करावे. वेळ एक त्रेचाळीस. थांब."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग चपला फटफटत लांब गेल्या. तो ऐकत राहिला. त्याच्या खोलीच्या दाराची कडी कुरकुरते, हे त्याला घरी राहून कधी ऐकू आलं नव्हतं. मग बराच वेळ काहीच नाही. मग चपला परत.

"चालू झालं. हिरवा दिवा लागला. पंखा फिरतोय. दीड मिनिटानं बघ, लगेच नको, त्याला वेळ लागतो."

"तुम्हाला काय माहीत त्याला वेळ लागतो?"

"दर वेळी लागतो."

"दर वेळी म्हणजे?"

"लाईन जाते त्या वेळी."

"तेव्हा ते आपोआप चालू होतं, बाबा."

"आपोआप," वडील म्हणाले. "आपोआप काय होतं रे? चौतीस वर्षांत मी काही आपोआप झालेलं पाहिलं नाही. आपोआप फक्त बंद पडतं. पहिल्यांदा वाट पाहिली मी. अर्धा तास पाहिली. उठेना. तेव्हापासून लाईन आली की जाऊन दाबतो. आजची धरून चोवीस."

त्याच्या डोळ्यांपुढे संगणकाच्या आतल्या मदरबोर्डवरची ती बटणाएवढी गोल बॅटरी आली. सेटिंग लक्षात ठेवायचं काम तिचं. जुन्या यंत्रात ती कधीतरी मरते आणि सेटिंग विसरते. हे त्यानं इतरांना कितीदा तरी समजावून सांगितलं होतं.

"पण ती पाटी..." तो म्हणाला.

"पाटी आहे की. पाटीचा मान ठेवला. हात लावत नाही. छत्रीच्या लाकडी मुठीनं दाबतो." मग जरा थांबून, "ते यंत्र टेबलाखाली इतकं आत ढकललंयस, की मूठ नीट लागतही नाही. दोन-तीन वेळा टोचावं लागतं. एकदा तुझी पाटीच निघाली. परत चिकटवली."

"मला सांगायचं ना."

"कुणामार्फत?"

त्यानं घड्याळाकडे पाहिलं.

"दीड मिनिट झालं," वडील म्हणाले. "बघ जा. काम झालं की कळव, नोंद पुरी करायची असते." आणि त्यांनी फोन ठेवला.

उजवीकडची खिडकी उघडली. त्यानं या वेळी खिडकीवरचं नाव दोनदा वाचलं. नकाशा उतरायला चार मिनिटं लागली, छापायला अकरा. दोन वाजून दहा मिनिटांनी साहेब खोलीतून बाहेर आले, गुंडाळी हातात घेतली, उघडून जिना पाहिला, नळ पाहिला, आणि "हं" म्हणाले. हे त्यांच्याकडून पुष्कळ होतं.

"काय रिमोटराव," समोरच्या बाई म्हणाल्या, "आज घराला फोनच करावा लागला!"

तो हसला. बाईंना अपेक्षित होतं त्याहून जरा कमी.

खिडकी अजून उघडी होती. यंत्र केव्हा केव्हा चालू झालं याची यादी लिनक्स स्वतः ठेवतं, मागितली की देतं. त्यानं ती आजवर कधी मागितली नव्हती. सगळं सुरळीत आहे हे माहीत असताना कोण मागतो? आता मागितली. वरून खाली ओळी उमटल्या. सर्वांत वर आजची, एक चव्वेचाळीस. खाली मागच्या तारखांच्या : दुपारी तीन सतरा. सकाळी अकरा पाच. संध्याकाळी पाच अठ्ठावन्न. पाच महिन्यांतल्या त्यानं बोटानं मोजल्या. चोवीस. वडिलांची मोजणी चुकलेली नव्हती.

मधल्या एका तारखेपाशी बोट थांबलं. दुपारी चार एकवीस. ती तारीख त्याच्या लक्षात होती, कारण त्या दिवशी त्यानं अर्धी रजा टाकली होती. सकाळी वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी तीन दिवस खाली वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं. त्यानं त्यांना घरी आणून पलंगावर निजवलं, थेंबांच्या वेळा त्यांना ऐकू जातील अशा आवाजात बायकोला सांगितल्या आणि दुपारी ऑफिसला आला. चारच्या सुमारास इथं बसून तो घरून काहीतरी उतरवून घेत होता. संपर्क सहा-सात मिनिटं तुटला आणि परत आला. काय उतरवत होता ते त्यानं आठवून पाहिलं. मोबाइलसाठी घंटेचा एक नवा आवाज होता तो. पुढे आवडला नाही म्हणून काढूनही टाकला होता.

त्यानं यादी मिटली. चाचणीचं यंत्र अजून चालूच होतं, ते तसंच राहू दिलं. टेबलावरच्या पेन्सिली एका दिशेला करून ठेवल्या. मग रिसीव्हर उचलला.

या वेळी पहिल्याच घंटेला.

"हॅलो. आता काय बंद केलंस?"

"काही नाही."

"काम झालं?"

"झालं."

"बरं. दोन चोवीस. नोंद पुरी." वडील थांबले. फोन ठेवायची ती जागा होती. दोघांनाही ते कळलं आणि दोघांनीही ठेवला नाही.

"आणखी काही अडलंय?" वडिलांनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "अडलं काही नाही."

पलीकडे खरखर होती. मग त्या खरखरीत, टेलिफोनच्या दिशेनं, फरशीवरून एक खुर्ची ओढल्याचा आवाज आला.