भिंतीवरची पोर

सरकारी साहेबांनो, तुम्ही ओनेलियाचा माइक बंद केलात. ऐन भिंतीपाशी. गोष्टीतली पोर भिंतीवर अर्धी चढली होती, खाली शिपाई उभे होते, आणि तुमचा माणूस ओनेलियाच्या उंच बाकापाशी येऊन म्हणाला, "बस झालं. हे पुस्तक पुढे वाचायचं नाही."

क्यूबाच्या पश्चिमेकडच्या तंबाखूच्या मुलखात, एका सिगार कारखान्यात ओनेलिया वाचनबाई होती. माणसं ओळीनं बसून सिगार वळायची आणि ती त्यांना वाचून दाखवायची. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. कुठली कादंबरी, ते वळणारेच हात वर करून ठरवत. त्या वर्षी पोरासोरांच्या एका कादंबरीवरचा सिनेमा गावच्या थेटरात लागणार होता. तरुण पोरींनी हट्ट धरला, "आधी पुस्तक, मग सिनेमा."

"पोरखेळ नुसता," रिगोबेर्तो कुरकुरला. मुलगा समुद्रापार निघून गेल्यापासून तो सगळ्यावरच कुरकुरायचा.

गोष्टीतल्या शहरात सरकारनं भिंत घालून समुद्र झाकला होता. समुद्राचं नाव काढायलाही बंदी. एका पोरीला शंख सापडतो, आणि ती विचारत सुटते, आतला हा आवाज कशाचा? चार दिवसांत रिगोबेर्तोच सगळ्यांवर डाफरू लागला. "ए, खोकायचंय तर बाहेर जा! बाई, मागचं पान परत घ्या."

जेवणाच्या सुट्टीत भातात काळा घेवडा कालवता कालवता भांडणं जुंपायची.

"पलीकडे उडी मारणार ती," यामिला म्हणायची.

"मारेल की. आणि मागे आईकडे कोण बघणार?"

"काका, ती तुमचा मुलगा नाहीये."

यामिलानं जीभ चावली. मग रिगोबेर्तोच हसला. "नाहीच. ती निदान विचार तरी करते."

वाचन आवडलं की वळणारे तंबाखूचं पान कापायचं पातं मेजावर ठोकतात. नाही आवडलं, की खाली टाकतात. तुमचा माणूस बोलला आणि अख्ख्या दालनातली पाती एकदम जमिनीवर पडली. ओनेलियानं चष्मा काढला, पुस्तक पिशवीत घातलं.

सिनेमा मात्र तुम्ही थांबवला नाहीत. शनिवारी थेटरच्या दारात सगळे तिकिटं घेऊन उभे. आत कुणी जाईना.

"बाई," रिगोबेर्तो म्हणाला, "शेवट त्या पडद्याकडून नको. तुमच्या तोंडून पाहिजे."

ओनेलिया पायरीवर चढली. घोडागाड्यांच्या खडखडाटावर आवाज चढवून तिनं शेवटचं प्रकरण वाचलं. पोर भिंतीच्या माथ्यावर पोचली. समोर समुद्र. ती तिथेच बसून राहिली. उडी मारली की नाही, पुस्तक सांगत नव्हतं.

पाती कुणाजवळच नव्हती. रिगोबेर्तोनं खिशातून घराची किल्ली काढली आणि लोखंडी कठड्यावर ठोकली. मग सगळ्यांनीच.

सिनेमात पोरीनं उडी मारली, वर गाणंही वाजलं. "साफ खोटं!" रिगोबेर्तो अंधारात ओरडला, आणि थेटर हसून हसून लोळलं.

सोमवारी ओनेलियाच्या बाकावर रेडिओ होता. तिला तुम्ही सिगारच्या पेट्यांना कागद चिकटवायला बसवलंत. निवृत्त होईपर्यंत ती तेच करत होती.

यामिला आता समुद्रापार असते. तिचा फोन आला की हटकून म्हणते, "बाई, शेवटचं पान म्हणा ना." ओनेलिया पुस्तक उघडत नाही, पाठच म्हणते. मग पलीकडून किल्ली कशावर तरी ठोकल्याचा आवाज येतो.

पुस्तकात समुद्र होता म्हणून बंद केलंत, की एवढी माणसं एका जागी बसून एकच गोष्ट ऐकत होती म्हणून? रिगोबेर्तो हे विचारता विचारता गेला. ओनेलिया अजून आहे. तिला उत्तर द्या.