राखणदाराला सांगायची नावे

सत्यवतीने केळीच्या पानावरचा नैवेद्याचा रोट दगडासमोर ठेवला, शेजारी विड्यांचे बंडल आणि काडेपेटी ठेवली, आणि दोन पावले मागे सरकली. दुपारचे बारा वाजायला आले होते. काजूच्या डोंगरीवर या वेळी एरवी कोणी फिरकत नसे. पण जमिनीचा मालक बदलला की नव्या मालकांची नावे राखणदाराला, म्हणजे जमीन राखणाऱ्या देवाला, भर दुपारीच सांगायची, असा या घराचा जुना रिवाज होता. पुढे देवाला विनवणारे गाऱ्हाणे घालायला गावचे वडीलधारे जयरामकाका उभे होते. तिच्या डाव्या हाताला थोरला भाऊ गुरुदास, आणि त्याच्या मागे त्याची बायको हर्षा. एवढीच माणसे.

बाबांना जाऊन सहा महिने झाले होते. उद्या पेडण्याच्या कोर्टात वारसांची यादी द्यायची होती. शेवटपर्यंत बाबांजवळ सत्यवतीच राहिली, म्हणून शपथही तिनेच घ्यायची: कृष्णनाथांचे वारस दोन, गुरुदास आणि सत्यवती. तिसरा कोणी नाही.

तिसरा होता. गोकुळदास, सगळ्यांत धाकटा. अठरा वर्षांपूर्वी बाबांशी भांडून इब्रामपूर सोडले, तो गेलाच. ना पत्र, ना फोन. त्याचे नाव घातले तर कोर्ट त्याला शोधत बसेल आणि आपले केस पिकतील, असे गुरुदासचे म्हणणे. त्याने बहिणीला सरळच सांगितले होते. दोनच नावे दिलीस तर डोंगरी माझी, घर तुझे. नाहीतर सगळेच विकायचे आणि वाटे घालायचे. सत्यवती एक्कावन्न वर्षांची, बिनलग्नाची. त्या घराशिवाय तिला दुसरे छप्पर नव्हते. महिनाभर विचार करून ती हो म्हणाली. तिला त्याची लाज वाटत होती, आणि ती लाज तिने कोणापाशी बोलून दाखवली नव्हती.

राखणदाराला सांगायचा हट्ट मात्र गुरुदासचाच. शेजारच्या डोंगरीवर कोणी न सांगता जेसीबी घातला, तर चालक तिसऱ्या दिवशी मशीन तिथेच टाकून पळाला होता. कोर्टाची भीती नसलेला हा माणूस राखणदाराला मात्र चांगलाच टरकून होता.

“बा देवा राखणदारा म्हाराजा,” जयरामकाकांनी सूर लावला. “आज कृष्णनाथाची पोरां तुज्या पायाकडे इली असत रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” तिघेही म्हणाले.

“होय म्हाराजा.”

हा चौथा होकार वरच्या झाडांतून आला. सगळ्यांचे म्हणून झाल्यावर, सावकाश, पुरुषाच्या आवाजात. गाऱ्हाणे मध्येच तोडायचे नसते, म्हणून जयरामकाकांनी डोळे मिटून घेतले. प्रतिध्वनी असेल, सत्यवतीने स्वतःला समजावले. मग तिला आठवले की या डोंगरीला प्रतिध्वनी नाही. लहानपणी इथे ओरडून ओरडून त्यांचे घसे बसले होते.

“ही डोंगरी आता गुरुदासाकडे आणि घर सत्यवती बायकडे जाता, ह्या तुका कळवचा म्हणान आज हंय उबे असव रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” या वेळी दोघेच म्हणाले. सत्यवती कान देऊन उभी होती.

“होय म्हाराजा.”

आता जवळून. एका श्वासाच्या अंतराने. असा उशीर करणारा माणूस तिला ठाऊक होता. गाऱ्हाण्याला आणले की गोकुळदास काजू हुंगत, मुंग्या बघत उभा राही आणि सगळ्यांचे संपल्यावर याचा होकार येई. बाबा चिडवायचे, राखणदार जेवून उठला की याला जाग येते.

तिने मागे वळून पाहिले. काजूंखाली घोट्याइतका पाचोळा. पाय न वाजवता तिथून मांजरही जाऊ शकले नसते. एक पान हललेले नव्हते, आणि झाडांमध्ये कोणी नव्हते.

मग तिने गुरुदासकडे पाहिले. तो वळलाच नव्हता. पाठीमागून परका आवाज आला तर माणूस वळून बघतो. हा दगडावर नजर रोवून उभा होता आणि त्याच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता.

“ह्या दोघांशिवाय ह्या जमनीक दुसरो कोण वारस नाय रे म्हाराजा!”

हर्षा बारीक आवाजात “होय” म्हणाली आणि तिथेच थांबली. बाकी कोणी तोंड उघडले नाही. सगळे चौथ्या होकाराची वाट पाहत होते. तो आला नाही. वरच्या बाजूला पाचोळा वाजला. एक पाऊल. मग आणखी एक, खाली उतरणारे.

“दितंय!” गुरुदास किंचाळला. “तुज्या चेडवाक तेचो वाटो दितंय मरे! हकडे येव नको!”

हर्षाने त्याची बाही घट्ट धरली. “गप रवा ओ!”

पाचोळा वाजायचा थांबला.

“खंयचा चेडू, दादा?” सत्यवतीने विचारले. गोकुळदासला मुलगी आहे हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

गुरुदास होता तिथेच मातीत बसला.

“दोन वर्षां झाली,” तो म्हणाला. “बेळगावसून गोकळ्याच्या बायलेचो फोन इल्लो. तापाचा निमित्त झाला, गोकळो गेलो. मीच गेलंय आणि आग दिलंय.”

“तू मित्राच्या लग्नाक म्हणान गेल्लंस.”

“होय.”

येताना त्याने खव्याचा कुंदा आणला होता. सत्यवतीनेच तो बाबांना चमच्याने भरवला होता. खाता खाता बाबांनी विचारले होते, गोकळो येतलो मगो? आणि तिने त्यांचे तोंड पुसत येईल म्हणून सांगितले होते. पुढे रोजच सांगितले, ते जाईपर्यंत.

“बाबांक कित्याक सांगूक नाय?”

“सोसला नसता तेंका.”

“आणि माका?”

सत्यवतीला गुरुदासचा राग आला. त्याहून जास्त राग तिला स्वतःचा आला, कारण गोकुळदास या घराचा कोणी नव्हता अशी शपथ घ्यायला ती निघालीच होती. तिला रडायचे होते. पण वर झाडांत कोणीतरी अजून उभे आहे असे वाटत होते, आणि त्याच्यासमोर तिला रडवेना.

“गाऱ्हाणा अर्दा सोडूचा नसता,” जयरामकाका दगडावरची नजर न काढता म्हणाले. “जो कोण वारस असा तेचा नाव सांगा. राखणदाराक नाव लागता.”

“तेची बायल असा, आणि चेडू,” गुरुदास पुटपुटला. “चौदा वर्षांचा. शाळेत जाता.”

“नाव सांग, दादा.”

“बाय, नीट इचार कर. ह्या नाव लागला म्हणजे घर तुजा रवाचा नाय.”

“माका म्हायती असा. नाव सांग.”

गुरुदासने मघापासून पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिले.

“तेना तुजाच नाव ठेवला,” तो म्हणाला. “सत्यवती.”

जयरामकाकांनी घसा साफ केला आणि गाऱ्हाणे पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतले.